कोरड्या घासाची साक्ष

मराठी भाषेने भीतीला राहायला जागा दिली ती पोटात. संकटाची चाहूल लागली की आपल्या पोटात गोळा उठतो. लेकरू वेळेवर घरी आले नाही की आईच्या पोटात कालवते. वाईट बातमी आली की घास घशाखाली उतरत नाही. कोडग्या माणसाच्या पोटातले पाणी हलत नाही, आणि मोठ्या मनाचा माणूस दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो. आम्हा कोल्हापूरकर मुसलमानांच्या घरांत दखनी आणि मराठी एकाच चुलीवर शिजतात. तिथेही भीती ‘पेट में’च उठते.

हे नुसते बोलण्याचे अलंकार आहेत काय? आम्हांला तसे वाटत नाही. काळजीने अन्न पचत नाही हे माणसाला फार जुने माहीत होते. मध्यंतरी शहाण्या लोकांनी ते विसरायचे ठरवले आणि पुन्हा ते सिद्ध करायला त्यांना दीडशे वर्षे प्रयोग करावे लागले. त्या जाणण्याचा, विसरण्याचा आणि पुन्हा जाणण्याचा हा थोडक्यात इतिहास आहे. या इतिहासात आपल्या पूर्वजांचा वाटा मोठा आहे, आणि आपल्या आजच्या दुखण्याचाही त्याच्याशी संबंध आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात एक साधे निरीक्षण नोंदवले आहे. अन्न पथ्याचे असो, मापात खाल्लेले असो, तरी खाणारा चिंतेत, शोकात, भयात किंवा क्रोधात असेल, त्याला नीट झोप नसेल, तर ते पचत नाही. युनानी वैद्यक दुसऱ्या वाटेने याच ठिकाणी आले. इब्न सीना (९८० ते १०३७) याचा ‘अल-कानून’ हा ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि पुढे कित्येक शतके युरोपात शिकवला गेला. आपल्याकडच्या तिब्बच्या शिक्षणाचा तर तो पायाच होता. या परंपरेत प्रकृती टिकवणाऱ्या किंवा बिघडवणाऱ्या सहा अटळ गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांना ‘अस्बाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणतात. हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जागरण, शरीरात काही धरून ठेवणे आणि बाहेर टाकणे, अशा त्या सहा. राग, भीती, दुःख, अतिहर्ष ही सारी ‘मनाची हालचाल’. ती हवा आणि अन्नाच्या पंक्तीला बसवलेली आहे, हे इथे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. भीती ही हकीमाच्या लेखी चारित्र्याचा दोष नव्हती. दूषित हवेसारखेच तेही आजाराचे एक कारण होते.

इब्न सीनाच्याही आधी बल्खच्या अबू जैद अल-बल्खीने (मृत्यू ९३४) ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्याचा एक भाग शरीराच्या आरोग्याचा आहे, दुसरा मनाच्या. शरीर दुखले की मन आजारते आणि मन दुखले की शरीर. त्यामुळे दोहोंपैकी एकाकडेच पाहणारा वैद्य अपुरा, असा त्याचा रोख आहे. क्रोध, भय, विषाद आणि मनात घोळत राहणारे विचार यांवर त्याने स्वतंत्र प्रकरणे लिहिली. अकराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

हे ज्ञान दूर बल्ख-बुखाऱ्यातच राहिले असेही नाही. आपल्या पन्हाळ्यावर तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या दरबारी असलेला मुहम्मद कासिम फरिश्ता आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहे. पण तो वैद्यकाचाही जाणकार होता. ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ हा ग्रंथ लिहून त्याने हिंदुस्थानी वैद्यांचे शास्त्र फारसी वाचकांपुढे ठेवले. म्हणजे चरकाची परंपरा आणि इब्न सीनाची परंपरा या दखनच्या मातीत एकमेकींशी बोलत होत्या. आज ज्यांना ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ अशी वैद्यकाचीही वाटणी करावीशी वाटते, त्यांनी फरिश्त्याचे नाव विसरू नये.

हकीम पचनाला ‘हज्म’ म्हणतात. त्याचे चार टप्पे ते मानतात: मेद्यात, म्हणजे जठरात; मग यकृतात; मग रक्तवाहिन्यांत; आणि शेवटी एकेका अवयवात. ही मांडणी आजच्या शरीरशास्त्राला जुळत नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. चार टप्पे, चार दोष, हे सारे जुने झाले. पण त्या मांडणीतली एक सवय जुनी झालेली नाही. हकीम नाडी धरून बसे आणि पोटाविषयी विचारता विचारता झोपेविषयी, घरातल्या कटकटीविषयी, उधारी-उसनवारीविषयीही विचारी. त्याच्या कपाटात पचनासाठी जवारिश असे, तसे मन उल्हसित करणारे ‘मुफर्रेह’ही असे. दोन्ही एकाच रोग्याला देण्यात त्याला काही वावगे वाटत नसे.

आता याच ज्ञानाची काळी बाजू पाहू. भीतीने तोंडाला कोरड पडते, हे न्यायनिवाडा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. त्यावर त्यांनी एक परीक्षाच बेतली. आपल्या धर्मशास्त्रांत जी ‘दिव्ये’ सांगितली आहेत त्यांत एक तांदळाचे दिव्य आहे. त्याचे इंग्रजीतले वर्णन एका मुसलमान न्यायाधिकाऱ्याचे आहे. बनारसचा मुख्य दंडाधिकारी अली इब्राहीम खान याने हिंदूंच्या दिव्यांविषयी लिहिलेला लेख वॉरन हेस्टिंग्जच्या मार्फत कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात, १७८८ साली, प्रसिद्ध झाला. १७८३ साली बनारसमध्ये तापलेल्या लोखंडी गोळ्याचे दिव्य खुद्द त्याच्यासमोर झाले होते. तांदळाच्या दिव्याची रीत अशी: चोरीचा संशय असलेल्यांना मंतरलेले तांदूळ चघळायला द्यायचे आणि मग पिंपळाच्या पानावर थुंकायला सांगायचे. ज्याच्या तोंडातून कोरडे किंवा रक्ताळलेले तांदूळ पडतील तो दोषी. आपल्या मराठी मुलखातही वतनाच्या तंट्यांत दिव्ये होत. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे ‘रवा’ दिव्य जुन्या कागदपत्रांत आढळते.

तांदळाच्या दिव्यामागे खरे निरीक्षण आहे. घाबरलेल्याच्या तोंडात लाळ सुटत नाही, हे शंभर टक्के सत्य. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष भयंकर आहे. घाबरतो तो गुन्हेगारच असतो काय? चार लोकांत उभे केलेला, आपले कोणी ऐकणार नाही हे आधीच कळून चुकलेला निरपराध माणूस तर जास्तच घाबरतो. सराईत चोराचे तांदूळ ओले निघत असतील आणि गरीब नोकराचे कोरडे. शरीर साक्ष देते ती भीतीची, गुन्ह्याची नव्हे. हा फरक ज्यांना कळला नाही त्यांनी कित्येक निर्दोषांना शिक्षा दिली असेल.

हे आमच्या मनचे जोडकाम नाही. शरीरशास्त्राच्या इतिहासात हे तांदूळ खरोखर आले आहेत. अमेरिकेतल्या हार्वर्डचा शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने भूक, वेदना, भीती आणि संताप यांनी शरीरात काय बदल होतात यावर १९१५ साली पुस्तक लिहिले. त्यात हिंदुस्थानातल्या या दिव्याचा दाखला आहे. कॅननची कथा मोठी गमतीची आहे. १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस विद्यार्थिदशेतला कॅनन त्या किरणांखाली प्राण्यांचे जठर चालताना पाहू लागला. मांजराला बिस्मथ मिसळलेले अन्न खाऊ घातले की पडद्यावर जठराच्या लाटा दिसत. पण मांजर बिथरले, चिडले, घाबरले की त्या लाटा थांबत. त्याला गोंजारून शांत केले की थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत. या निरीक्षणातूनच पुढे ‘लढा किंवा पळा’ हा सिद्धांत उभा राहिला.

कोल्हापूरच्या वाचकाला तो समजावून द्यायला पन्हाळा पुरे आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. वेढा पडल्यावर गडावर काय होते? मुदपाकखान्यातली माणसेसुद्धा तटावर जातात. दुरुस्त्या, बांधकामे, लग्नकार्ये, सारे थांबते. शरीराचेही तेच होते. धोका दिसला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, लाळ आटते, जठराची हालचाल मंदावते; मोठे आतडे मात्र घाईने रिकामे होऊ पाहते. खासबागेत जोड लागण्याआधी पैलवानाच्या तोंडाला कोरड पडते, परीक्षेच्या सकाळी पोराला दोनदोनदा संडासला जावे लागते, ते यामुळेच. यात आजार काही नाही. कुस्ती संपली, पेपर सुटला, की वेढा उठतो आणि मुदपाकखाना पुन्हा सुरू होतो. प्रश्न असतो तो वेढा महिनोन्‌महिने न उठण्याचा.

कॅननच्याही आधी एका माणसाचे जठर उघड्या डोळ्यांनी पाहिले गेले होते. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण हमालाला पोटात बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटावरचे भोक कायमचे राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट याने त्या भोकातून वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८३३ साली ते प्रसिद्ध केले. सेंट मार्टिन चिडला की त्याचे पचन बिघडते, हे त्याच्या नोंदींत आहे. गरीब हमालाला आपल्याच पोटाचा तमाशा झालेला आवडत नसे. तो वारंवार निघून जाई. तो का चिडत असे, याचा विचार डॉक्टरांनी फारसा केला नाही, हेही या इतिहासात नोंदवले पाहिजे.

१९३६ साली हान्स सेल्ये याने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी, इजा, विष, अतिश्रम, काहीही सोसायला लावा. उंदरांच्या शरीरात तीन गोष्टी हमखास घडत, आणि त्यांतली एक म्हणजे जठरातल्या जखमा. पुढे याच प्रकाराला त्याने ‘स्ट्रेस’ हे नाव रूढ केले. १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर रात्रंदिवस बाँब पडू लागले, तेव्हा तिथल्या इस्पितळांत जठराचा अल्सर फुटून येणाऱ्यांची संख्या वाढली. मग काय, अल्सर म्हणजे चिंतेचा आजार हे समीकरण जगभर पक्के झाले. डॉक्टर रोग्याला सांगू लागले, ‘काळजी करू नका, दूध प्या.’

या समीकरणाला धक्का बसला तो ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना अल्सरच्या रोग्यांच्या जठरात एक वळणदार जंतू सापडला. जठराच्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असे सगळे म्हणत होते. १९८४ साली मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन दाखवला आणि काही दिवसांत त्याच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाचा हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या ही अल्सरची दोन मुख्य कारणे ठरली. प्रतिजैविकांच्या थोड्या दिवसांच्या उपचाराने वर्षांचे दुखणे बरे होऊ लागले. ‘तुझ्या मनातच काहीतरी आहे’ असे म्हणून ज्यांना वर्षानुवर्षे परत पाठवले, त्यांना हा केवढा दिलासा होता!

पण लंबक आता दुसऱ्या टोकाला गेला. सारे काही जंतूवर ढकलले गेले आणि काळजीचा विषय दवाखान्यातून हद्दपार झाला. तेही पूर्ण सत्य नव्हते. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधल्या कोबे परिसरात भूकंप झाला, त्यानंतर तिथे रक्तस्राव होणारे अल्सर वाढले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या पाहणीत मानसिक ताण असलेल्यांना अल्सर अधिक झाल्याचे दिसले, मग अंगात जंतू असो वा नसो. म्हणजे जंतूही खरा आणि काळजीही खरी. अल-बल्खीने दोन भागांत एकच ग्रंथ लिहिला होता, तो काही उगीच नव्हे.

आतड्यांच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘दुसरा मेंदू’ म्हणतात. मन प्रसन्न ठेवण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या सेरोटोनिनचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शरीरात आतड्यांतच तयार होतो. तिथे त्याचे मुख्य काम आतड्याच्या हालचालीचे असते. मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जेतले बहुतेक धागे खालून वर निरोप नेतात, वरून खाली नव्हे. पोटच मेंदूला जास्त सांगत असते! आतड्यांत राहणारे कोट्यवधी जंतूही या संभाषणात आहेत. जपानी संशोधकांनी २००४ साली दाखवले की पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर कोंडून ठेवल्यावर नेहमीच्या उंदरांपेक्षा अधिक बिथरतात. तपासण्या स्वच्छ येतात तरी पोट दुखते, फुगते, कधी जुलाब तर कधी मलावरोध, अशा दुखण्याला डॉक्टर ‘आयबीएस’ म्हणतात. त्यात आतड्याला इजा नसते, पण दुखणे खोटे नसते. निरोपांच्या तारा अतिसावध झालेल्या असतात.

आता आमच्या गावाकडे येऊ. काळजी माणसाच्या स्वभावातून येते तशी परिस्थितीतूनही येते. राजर्षी शाहू महाराजांना हे नेमके कळले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची सोय केली. १९०६ साली मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग ही त्याचीच खूण. बोर्डिंग म्हणजे काय? उद्याच्या जेवणाची काळजी पोराच्या पोटातून काढून संस्थेच्या अंगावर घेणे. महाराजांनी जातीजातींची वसतिगृहे काढली ती हेच जाणून, की पोटात गोळा घेऊन बसलेल्या मुलाच्या डोक्यात अक्षर शिरत नाही.

ही सवय कोल्हापूरच्या अंगात अजून आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. पाणी उतरून महिना होत नाही तोच १ सप्टेंबरला मोहरम लागला आणि २ तारखेला गणपती आले. आमच्या तालमींत पंजे आणि गणपती एका छपराखाली बसण्याची जुनी रीत आहे. बाबूजमाल तालमीचे नाव त्यासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. संकटात शेजाऱ्याचा आधार असला की शरीरातला वेढा लवकर उठतो. एकटेपणात तो लांबतो.

म्हणूनच ७ जून २०२३ हा दिवस आम्हांला बोचतो. समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडले. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मुसलमानांची घरे आणि मशीद यांची मोडतोड झाली. पंचनाम्यात फुटलेल्या काचा, मोडलेली कपाटे, जळालेली वाहने मोजली जातात. कडी लावून बसलेल्या घरातली न शिजलेली भाकरी पंचनाम्यात येत नाही. त्या घरातली पोरे कुठल्या स्टेटसशी वा कुठल्या अतिक्रमणाशी संबंधित नव्हती. पण तांदूळ त्यांच्याही तोंडात कोरडेच राहिले. आणि कोरडे तांदूळ पाहून ‘बघा, घाबरले, म्हणजे काहीतरी केले असणार’ असे म्हणणारे लोक आजही भेटतात. दिव्याची पद्धत कायद्याने गेली. मनातून ती जायची आहे.

तसेच काही आपल्याला आपल्या घरातही निस्तरायचे आहे. घराबाहेर भीती आहे म्हणून घरातल्या बाईची काळजी हलकी ठरत नाही. सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी, पोरीच्या लग्नाची आणि पोराच्या नोकरीची चिंता पोटात ठेवणारी, ‘पित्त झालंय’ म्हणून दुकानातून गोळी मागवणारी आई किंवा आपा प्रत्येक घरात आहे. डोके दुखते म्हणून ती रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेते, आणि त्या गोळीने जठराला जखम होते. तिला ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणणे हा उपचार नव्हे. टेन्शन कोणी हौसेने घेत नाही. विचारायचे ते हकीमासारखे: झोप लागते का? कशाची धास्ती आहे? कोणाला सांगितलेस का? आणि त्याच बरोबर डॉक्टरचाही रस्ता धरायचा. विष्ठा डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त आले, वजन विनाकारण उतरू लागले, गिळताना अडकू लागले किंवा पोटदुखीने रात्री जाग येऊ लागली, तर काळजीचे निमित्त सांगून घरी बसू नये. सीपीआर इस्पितळ दसरा चौकाजवळच आहे. जंतूची तपासणी होते, औषध मिळते, आजार बरा होतो.

जंतूला औषध आहे. भीतीला औषध एकट्याच्या ताटात सापडत नाही. ते मोहल्ल्यात, तालमीत, कचेरीत आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात मिळून तयार करावे लागते. दुष्काळात धान्याचे भाव उतरवणाऱ्या राजाच्या गावाला हे वेगळे शिकवायची गरज नसावी.